रडीचा डाव की रास्त डाव? अभिजात डिटेक्टिव्ह कादंबरीच्या वाचनानंदामागचा एक वाद

अभिजात डिटेक्टिव्ह कादंबरी वाचताना आनंद नेमका कशाचा होतो, या प्रश्नाची सर्वांत गंभीर चर्चा दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत झाली. १८४१ मध्ये फिलाडेल्फियाच्या मासिकात छापलेली बंद खोलीतल्या खुनाची कथा, १८६८ मध्ये लंडनच्या साप्ताहिकातून क्रमशः आलेली आणि श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून सुरू होणारी हिऱ्याची कादंबरी, १८८७ मध्ये अवतरलेला बेकर स्ट्रीटचा डिटेक्टिव्ह, हे टप्पे वाचकांच्या परिचयाचे आहेत. या काळातला वाचक मुख्यतः डिटेक्टिव्हच्या बुद्धीने थक्क होत असे. त्याच्याशी बरोबरी करण्याची सोय वाचकाला फारशी नव्हती, कारण बुटावरची माती किंवा बाहीवरचा डाग पुष्कळदा निष्कर्ष ऐकवून झाल्यावरच त्याला दाखवला जाई. १९२० नंतर मात्र लेखकांनी वाचकाला पटाच्या समोरच्या बाजूला बसवले आणि या आनंदाची जातच बदलली.

या बदलाला इंग्रजीत नाव मिळाले ते क्रीडांगणावरचे, 'फेअर प्ले'. त्याला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. पण त्याच्या उलट गोष्टीला आपल्याकडे अचूक नाव आहे, ते म्हणजे रडीचा डाव. डिटेक्टिव्हच्या हाती लागलेला प्रत्येक धागा उकल होण्यापूर्वी वाचकाच्याही डोळ्यांसमोरून गेलेला असला पाहिजे. त्याचे महत्त्व झाकण्याची लेखकाला मुभा आहे, तो धागाच दडवण्याची नाही, एवढाच या कराराचा अर्थ. १९२९ मध्ये एका अमेरिकन लेखकजोडीने शेवटच्या प्रकरणांपूर्वी कथानक थांबवून, आता सर्व धागे तुमच्याजवळ आहेत, असे वाचकाला जाहीर आव्हान देण्याची प्रथा सुरू केली. त्याच सुमारास न्यू यॉर्कच्या एका प्रकाशनसंस्थेने कादंबरीची शेवटची पाने कागदी पट्टीने बंद करून विकायला काढली. पट्टी न फाडता ज्याला पुस्तक खाली ठेवता येईल त्याने ते परत आणून पैसे घेऊन जावेत, अशी हमी त्यावर छापलेली असे.

या कराराची खरी कसोटी मात्र त्याआधीच, १९२६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीने पाहिली होती. तिचे नाव मी मुद्दाम घेत नाही. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना ते लगेच कळेल, आणि ज्यांनी वाचलेली नाही त्यांचा तो पहिला धक्का माझ्या हातून हिरावला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. तिच्यात खुनाची हकीकत सांगणारा, डिटेक्टिव्हबरोबर सर्वत्र फिरणारा आणि वाचकाच्या विश्वासातला निवेदकच अखेरीस खुनी ठरतो. ही कल्पना अगदीच नवी नव्हती. १८८४ मधील एका रशियन आणि १९०९ मधील एका नॉर्वेजियन कादंबरीत तिचे पूर्वरूप सापडते. खुद्द लेखिकेला ती दोघांनी वेगवेगळी सुचवली होती. एक होते तिच्या बहिणीचे यजमान. दुसरा होता ब्रिटिश आरमारातला एक तरुण अधिकारी, जो पुढे हिंदुस्थानचा शेवटचा व्हाइसरॉय झाला. सुचवणे सोपे होते. एकही खोटे वाक्य न लिहिता ते तडीला नेणे अवघड होते.

फसवणुकीचा आरोप तेव्हापासून होत आला आहे. निवेदकाने सत्य सांगावे, एवढे तरी वाचकाने गृहीत धरू नये काय, असा आक्षेप घेणाऱ्यांचा सवाल होता. १९२८ मध्ये एका अमेरिकन लेखकाने या कादंबरीप्रकाराचे वीस नियम प्रसिद्ध केले. खुन्याने डिटेक्टिव्हला ज्या युक्तीने फसवले त्याहून वेगळी फसवणूक लेखकाने वाचकाची करू नये, असे त्यांत बजावलेले होते. पुढच्याच वर्षी एका इंग्रज कॅथलिक धर्मगुरूने, जे स्वतःही डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहीत, दहा आज्ञा मांडल्या. ज्याच्या मनातले विचार वाचकाला वाचू दिले आहेत तो खुनी असता कामा नये, हे त्यांतल्या पहिल्याच आज्ञेत येते. मात्र त्या आज्ञेवरील टिपणात, या लेखिकेच्या कामगिरीमुळे हा नियम काटेकोर शब्दांत बांधणे कठीण झाले आहे, अशी कबुलीही त्यांनी दिली. जे पात्र शेवटी खुनी निघते ते स्वतःच कोड्यात पडले आहे असे लेखकाने भासवू नये, ही त्यांची सुधारित मांडणी मला मूळ आज्ञेपेक्षा पुष्कळ नेमकी वाटते. दुसऱ्या बाजूने एका विदुषी लेखिकेने १९२८ मध्येच ठामपणे सांगितले की सर्वांवर संशय घेणे हे वाचकाचे कामच आहे, आणि त्यातून निवेदकाला सूट मिळण्याचे कारण नाही.

वादाचा निकाल मूळ पानांवरच लागतो. खुनाच्या रात्रीच्या प्रसंगात नोकर पत्रे घेऊन येतो तेव्हा नऊला वीस मिनिटे कमी असतात. निवेदक खोलीतून बाहेर पडतो तेव्हा नऊला दहा कमी असतात, आणि पत्र अजून वाचायचे राहिलेले असते. दोन्ही वेळा एका पाठोपाठच्या वाक्यांत सरळ दिलेल्या आहेत. मधल्या दहा मिनिटांत काय घडले, याबद्दल एक अक्षरही नाही. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो क्षणभर थबकतो, मागे वळून पाहतो आणि काही करायचे राहिले तर नाही ना, याचा विचार करतो. पहिल्या वाचनात ही एका काळजीवाहू मित्राची हालचाल वाटते. उकल कळल्यानंतर हातात पेन्सिल घेऊन तेच पान पुन्हा वाचले तेव्हा मला त्यात खोडण्याजोगा एकही शब्द सापडला नाही. शेवटच्या प्रकरणात निवेदक स्वतः या जागेकडे बोट दाखवतो आणि आपल्या लेखनाबद्दल समाधान व्यक्त करतो. हा रडीचा डाव नव्हे. वाचक दहा मिनिटांवरून पुढे सरकला, ही चूक वाचकाची. आणि आपली चूक इतक्या स्वच्छ रीतीने पदरात घातली जावी, यातच या प्रकारच्या कादंबरीचा सर्वांत मोठा आनंद आहे.

१९३० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या लेखकांच्या मंडळाने हा करार शपथेत उतरवला. दैवी साक्षात्कार, योगायोग किंवा जादूटोणा यांच्या आधारे आपले डिटेक्टिव्ह उकल करणार नाहीत आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवला जाणार नाही, असे नव्या सदस्याला वदवले जाई. ज्या लेखिकेवर फसवणुकीचा आरोप झाला तीही या मंडळात होती आणि पुढे अनेक वर्षे तिने त्याचे अध्यक्षपद भूषवले. १९३५ मध्ये सहा पेन्सांची कागदी बांधणीची पुस्तके इंग्लंडमध्ये निघाली, तेव्हा पहिल्या दहांपैकी दोन डिटेक्टिव्ह कादंबऱ्या होत्या.

महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेतून प्रतिकूल सूर उमटला. १९४४ मध्ये तिथल्या एका कादंबरीकाराने या इंग्रजी कोड्यांना खऱ्या गुन्हेगारीचा वासही नाही असे लिहिले. १९४५ च्या जानेवारीत एका मान्यवर समीक्षकाने खून कोणी केला याच्याशी कोणाला कर्तव्य आहे, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिताना नेमका त्याच १९२६ च्या कादंबरीतल्या मृताचा उल्लेख केला. मराठी वाचक या वादापासून बराचसा दूर राहिला. आपल्याकडे धनंजय, झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर पिढ्यांनी जीव लावला तो साहसासाठी आणि वेगासाठी. 'रहस्यकथा' या एकाच शब्दात खुनाचे कोडे, पाठलाग आणि कधी कधी भुतेही सुखाने नांदली. 'गुप्तहेर' या शब्दाने तर दिवाणखान्यात सर्वांसमक्ष प्रश्न विचारणाऱ्या माणसालाही हेर ठरवले. त्यामुळे या कादंबऱ्या मराठीतून वाचणाऱ्याला समोर पट मांडला आहे, हे अनेकदा सांगितलेच गेले नाही.

१९२६ च्या त्या कादंबरीचा खटला अजून मिटलेला नाही. १९९८ मध्ये एका फ्रेंच अभ्यासकाने तिच्यावर संपूर्ण पुस्तक लिहून डिटेक्टिव्हची उकलच चुकली असे प्रतिपादन केले आणि त्याच पुराव्यांवरून दुसऱ्या एका पात्राकडे बोट दाखवले. मला त्यांचा निष्कर्ष पटलेला नाही. पण सत्तर वर्षांनंतरही त्या खटल्याची फेरतपासणी करता आली, कारण सर्व पुरावा लेखिकेने १९२६ मध्येच वाचकाच्या हवाली केला होता.