अंतर तेच, मग जाता-येता वेळ वेगळा का?

लांबच्या प्रवासाची चौकशी करताना बहुतेक जण आधी अंतर विचारतात आणि मनातल्या मनात तास काढतात. प्रवासी विमान उंचीवर गेल्यावर ताशी साधारण ९०० किमी वेगाने उडतं, हे खरं. पण नुसत्या भागाकारावर पुढचं नियोजन करू नका.

टोकियो ते लॉस एंजेलिस घ्या. अंतर सुमारे ८,८०० किमी. जाताना साधारण १० तास लागतात, परतताना साडेअकरा ते १२. हा फरक वाऱ्याचा. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते पुढे रेटतात, उलट येणाऱ्याला अडवतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान ५ तासांच्या आत लंडनला उतरलं होतं!

शिवाय इंटरनेटवर दिसतं ते दोन विमानतळांमधलं कमीत कमी अंतर. विमान हवामान आणि हवाई हद्दी पाहून जातं. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास १३ तासांच्या आसपास गेला. शहरं जागच्या जागीच होती.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो तिकिटावरच्या वेळांचा. तिथे निघण्याची आणि पोहोचण्याची, दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. समजा, जानेवारीत टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालात. १० तासांनी टोकियोत पहाटेचे ३ वाजलेले असतील. लॉस एंजेलिस तेव्हा १७ तास मागे, म्हणजे तिथे त्याच तारखेची सकाळ, १० वाजलेले! तिकिटात चूक नाही. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. परतीला मात्र तारीख एक दिवस पुढे जाते, म्हणून हॉटेलचं बुकिंग आणि भेटीगाठी ठरवताना पोहोचण्याची तारीख आवर्जून पाहा. उन्हाळ्यात अमेरिकेतली घड्याळं १ तास पुढे असतात, जपानमधली नाहीत. तेव्हा हा फरक १६ तासांचा होतो.

आणखी एक. ‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमान वाटेत थांबू शकतं; कुठेही न थांबणारं हवं असेल तर ‘नॉनस्टॉप’ मागा. विमान बदलायचं असेल तर शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं असली की बऱ्याचदा सामान मधेच ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर ते तिकीट सहसा वाया जातं. वेगळी तिकिटं आधीच काढली असतील तर दोन्हींच्या प्रती आम्हाला दाखवा. मधला वेळ पुरेसा आहे का, टर्मिनल बदलतं का, हे आम्ही तपासून सांगू.