शहरातल्या मरिनात मुक्कामाला जाताना
आमच्याकडून बोट भाड्याने घेणाऱ्यांसाठी

दिवसभर मोकळ्या पाण्यात मजेत असलेली मंडळी संध्याकाळी मरिनाच्या, म्हणजे बोटी लावायच्या बंदिस्त तळाच्या, तोंडाशी आली की घामाघूम होतात, हे आम्ही दर हंगामात पाहतो. जागा चिंचोळी, वारा आडवा, आणि धक्क्यावर बघे उभे. आमच्या बोटींवरचे बहुतेक ओरखडे या शेवटच्या पन्नास मीटरमधलेच आहेत. म्हणून हा कागद निघण्याच्या आदल्या रात्री वाचा, मरिनात शिरताना नको.

आधी जागा पक्की करा

शहरातल्या मरिनात पाहुण्या बोटींसाठी मोजक्याच जागा राखलेल्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी त्या सकाळीच भरतात. फोनवर तुम्हाला चार मापं विचारतील: लांबी, रुंदी, ड्राफ्ट म्हणजे बोट पाण्यात किती खोल बुडते ते, आणि पाण्यापासून वरची उंची. चारही चावीसोबतच्या कार्डावर आहेत. त्यातली लांबी नुसत्या सांगाड्याची नाही. पुढचा नांगर आणि मागे टांगलेली छोटी होडीही आम्ही त्यात धरली आहे, कारण शेजारच्या बोटीला आधी लागतात ती हीच टोकं.

डाव्या बाजूने लागता येईल अशी जागा मिळते का, तेही विचारा. कारण खाली येईलच. आणि पोचल्यावर रेडिओवर कोणत्या चॅनेलवर हाक मारायची ते लिहून घ्या. १६ नंबरचा चॅनेल संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी असतो, त्यावर गप्पा नकोत.

भरती आणि पूल

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. साधा हिशेब असा: पाणी चढायला साधारण सहा तास धरले, तर निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं. ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त. शक्यतो पाणी थबकलेलं असताना, म्हणजे भरती-ओहोटीच्या टोकाला पोचा.

वाटेत पूल असेल तर ध्यानात ठेवा: समुद्राच्या नकाशावर पुलाखालची उंची बहुधा मोठ्या भरतीच्या पातळीपासून मोजलेली असते, आणि पाण्याची खोली मात्र खालच्या ओहोटीपासून. दोन आकडे दोन वेगळ्या पातळ्यांचे. डोलकाठीच्या शेंड्यावरचा अँटेना विसरू नका. तो तुटला तर बिल तुमचंच.

आत शिरताना

तोंडाबाहेरच थांबा. फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाहेर टांगायच्या फुगीर गाद्या, दोन्ही बाजूंना लावा, कारण ऐनवेळी जागा बदलून मिळणं नवीन नाही. दोर रेलिंगच्या बाहेरून काढून परत आत घेतलेले असावेत. आतूनच टाकलेला दोर ओढला की रेलिंग वाकते. मग झेंडे बघा, वारा कुठून येतोय ते. वारा आणि ओढ यांतलं जे जास्त जोराचं असेल त्याच्या विरुद्ध तोंड करून या, म्हणजे तुम्ही न थांबवताही बोट मंदावते.

आमच्या सगळ्या बोटींचा पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) उजवा आहे, म्हणजे पुढे जाताना मागून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. रिव्हर्स टाकला की मागचा भाग डावीकडे सरकतो. डाव्या बाजूने धक्क्याला येत असाल तर हा गुण फुकटची मदत आहे: तिरपे, अगदी सावकाश या, धक्का हाताच्या अंतरावर आला की क्षणभर रिव्हर्स, आणि मागचा भाग आपसूक आत येतो. उजव्या बाजूने आलात तर तोच भाग धक्क्यापासून लांब पळतो.

पहिला दोर कोणता? सगळे पुढचा फेकतात. तो ताणला की नाक धक्क्यावर आपटतं आणि शेपूट बाहेर जाते. त्याऐवजी मधल्या खुंट्याचा दोर धक्क्यावरच्या थोड्या मागच्या खुंट्याला अडकवा, सुकाणूचं चाक धक्क्याच्या उलट दिशेला फिरवा आणि इंजिन पुढच्या गिअरमध्ये अगदी मंद ठेवा. बोट धक्क्याला चिकटून उभी राहते. मग पुढचा, मागचा आणि पुढे-मागे सरकू न देणारे दोन तिरके दोर निवांत बांधा. धक्का तरंगता नसेल तर भरती-ओहोटीपुरती ढील ठेवा, नाहीतर पहाटे बोट दोरांना लटकलेली सापडेल.

धक्क्यावर उडी मारू नका. आणि बोट वाचवायला बोटं पुढे करू नका. मध्ये सारायला फेंडर आहे, हात-पाय नाहीत.

वीज

केबल आधी बोटीला, मग धक्क्यावरच्या खांबाला जोडा, आणि त्यानंतरच बटण चालू करा. मरिनात पोहायला उतरू नका, मुलांनाही उतरू देऊ नका. कुणाच्याही बोटीतून पाण्यात गळणारा करंट स्नायू आखडवतो आणि चांगला पोहणाराही बुडतो. गोड्या पाण्यात हा धोका अधिक.

संडासाची टाकी मरिनातल्या पंपावरच रिकामी करायची.

निघताना क्रम उलटा: खांबावरचं बटण बंद, केबल आधी खांबाची, मग बोटीची, आणि शेवटी दोर. मागे एका ग्राहकाने दोर सोडले, सगळ्यांना हात हलवला आणि केबल तशीच ठेवून निघाले. पिवळी केबल ताणली, सॉकेट उखडलं. तेव्हापासून चावीच्या जुडग्याला आम्ही पिवळी पट्टी बांधतो.