पार्श्वभूमी: हृदयशस्त्रक्रिया, रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि मशीनवर आलेला आळ

बायपासच्या दुसऱ्या दिवशी आयसीयूत डोकावलं की रुग्णाचा चेहरा फुगलेला दिसतो, पापण्या जड असतात. नातेवाईक म्हणतात, ‘सूज आली.’ डॉक्टर ज्याला दाह म्हणतात, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा चेतून उठणं, तो म्हणजे फक्त ही सूज नव्हे, पण दोन्हींचा धागा एकाच जागी जुळतो. रक्तवाहिन्यांना आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. ते ढिलं पडलं की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं.

हे अस्तर काम काय करतं, हे फार उशिरा कळलं. ऑपरेशन चालू असताना हृदय आणि फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन फिलाडेल्फियात 1953 साली झालं. अस्तराची ओळख पटली ती 1980 मध्ये, सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर. पट्टी आतून घासली गेली असेल तर ॲसिटिलकोलीन या रसायनाने ती सैल होत नव्हती, अस्तर शाबूत असेल तरच होत होती. सैल करणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड निघाला आणि 1998 चं नोबेल त्या शोधाला मिळालं. त्याच सुमारास, म्हणजे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, मशीनच्या नळ्यांना रक्त लागताच त्यातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षण यंत्रणेची प्रथिनं चेततात, हेही दिसलं. दाहाचा आरोपी सापडला, तो म्हणजे मशीन, असं सगळ्यांना वाटलं.

इथे शब्दाचा गुंता आहे. घरात ‘बायपास’ म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा घालून पायाची किंवा छातीतली रक्तवाहिनी जोडणं. थिएटरमध्ये ‘बायपासवर घेतलं’ म्हणजे रुग्णाचं रक्त मशीनमधून फिरवायला सुरुवात केली. म्हणून ‘बायपासविना बायपास’ हे वाक्य अगदी बरोबर असू शकतं. 1990 च्या दशकात धडधडत्या हृदयावर टाके घालायची हीच पद्धत जोरात पसरली. भारतातल्या अनेक केंद्रांनी ती उत्साहाने उचलली. मशीन नको, म्हणजे दाह नको, असा सरळ हिशोब होता.

तो हिशोब चुकला. मशीनविना रक्तातले दाहाचे काही घटक कमी वाढतात हे खरं. पण छातीचं हाड कापणं, रक्त गोठू न देणारं हेपरिन आणि त्याचा परिणाम उतरवणारं प्रोटामिन देणं, रक्तपुरवठा थांबवून पुन्हा सुरू करणं, यानेही दाह उठतोच. 2009 साली 2,203 अमेरिकी माजी सैनिकांच्या चाचणीत वर्षभरानंतर मशीनविना जोडलेल्या रक्तवाहिन्या जास्त प्रमाणात बंद पडलेल्या आढळल्या. 2012 च्या चाचणीत 4,752 रुग्ण होते. मृत्यू, पक्षाघात, हार्ट ॲटॅक किंवा डायलिसिस लागणं यांच्या एकत्रित मोजणीत तीस दिवसांनी दोन्ही बाजू जवळपास सारख्याच निघाल्या, आणि पाच वर्षांनीही चित्र बदललं नाही. महाधमनी चुन्याने कडक झालेल्या रुग्णाला, अनुभवी हातांत, ही पद्धत आजही मोलाची आहे. सरसकट सगळ्यांसाठी तिचा आग्रह धरणं मला पटत नाही.

दाह औषधाने दाबायचेही प्रयत्न झाले. 2015 साली 7,507 रुग्णांवर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आजमावलं गेलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

या सगळ्यात अस्तराचं सर्वात उघड नुकसान मागे पडलं. पायातून काढलेली शीर गळते का हे पाहायला तिच्यात सिरिंजने द्रव दाबून भरतात. शीर फुगते, ताणते आणि आतलं अस्तर खरवडून निघतं. तीच शीर पुढे हृदयावर बसते आणि धमनीचा दाब सोसते. स्वीडनमध्ये 1990 च्या दशकात शीर भोवतालच्या चरबीसकट, न फुगवता काढायला सुरुवात झाली. अशा शिरा जास्त काळ उघड्या राहिल्याचं तिथे दिसलं. त्यासाठी पायावर मोठी जखम करावी लागते आणि ती भरायला वेळ लागतो, म्हणून अनेक सर्जन अजून कचरतात.