टोपली ६२ मीटरवर, पण चकती कुठवर?

डिस्क गोल्फला चेंडू लागत नाही, काठ्यांनी भरलेली पिशवीही लागत नाही. फ्रिस्बीपेक्षा लहान, पण जड आणि कडेला निमुळती अशी प्लास्टिकची चकती हाताने भिरकवायची, ती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. एड हेडरिकने १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले, आणि पुढे साखळ्यांची टोपलीही त्यानेच आणली. आज अमेरिकेतल्या सार्वजनिक बागांत अशी हजारो मैदाने आहेत. बहुतेक ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत, शिवाय तास-दोन तास चालणे होते, त्यामुळे साठी-सत्तरीतली माणसे या खेळात चांगलीच रमतात. पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) या संघटनेच्या स्पर्धांमध्ये चाळिशीपासून वयाचे गट सुरू होतात आणि ऐंशीच्या घरापर्यंत जातात. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला गेलेल्या आपल्याकडच्या मंडळींनाही जवळच्या पार्कात ही टोपली कधी ना कधी दिसतेच.

या खेळाडूंच्या कमरपट्ट्याला हल्ली एका डोळ्याने पाहायची छोटी दुर्बीण लटकलेली असते. तिचे नाव लेझर रेंजफाइंडर. टोपलीवर रोखायची, बटण दाबायचे, की आत आकडा उमटतो: ६२ मीटर. पीडीजीएचे नियम अशा यंत्राला हरकत घेत नाहीत. प्रश्न एवढाच, की साठीनंतर त्याचा खरा उपयोग किती? माझ्या मते उपयोग नक्की आहे, पण बहुतेक जण ते ज्या कामासाठी विकत घेतात त्या कामात तो कमी आहे.

आधी यंत्र काय करते ते पाहू. त्यातून अवरक्त प्रकाशाचे अगदी छोटे स्पंद निघतात, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात आणि त्या फेरीला लागलेला वेळ मोजला जातो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. म्हणजे ६० मीटरवरच्या टोपलीपर्यंत जाऊन परत यायला ४०० नॅनोसेकंद. अंतरात एक मीटरचा फरक पडला, तर वेळेत जेमतेम पावणेसात नॅनोसेकंदांचा फरक पडतो. एवढ्याशा फरकाची खात्री एका स्पंदावरून होत नाही, म्हणून यंत्र एकापाठोपाठ अनेक स्पंद सोडून त्यांचा मेळ घालते. साध्या यंत्राचा आकडाही मीटरभर इकडेतिकडे इतका अचूक येतो.

अडचण असते ती नेम धरण्याची. टोपलीची रुंदी साधारण ६५ सेंटीमीटर. ८० मीटरवरून ती आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढी दिसते, आणि तिच्यात निम्म्याहून जास्त तर मोकळी जागाच असते. साखळ्यांमधून प्रकाश आरपार जातो आणि मागच्या झाडाचे अंतर हाती येते. हात थोडा थरथरत असेल, तर दुर्बीण ती थरथरही मोठी करून दाखवते. म्हणून नेम साखळ्यांवर न धरता टोपलीच्या माथ्यावरच्या रुंद पट्टीवर धरावा, कोपर बरगडीला टेकवावे आणि लागोपाठ तीनदा मोजावे. तीनपैकी दोन आकडे जुळले, तर ते टोपलीचे. झाडीत तर पुढ्यातली एखादी डहाळीच ‘२३ मीटर’ म्हणून हजेरी लावते.

आता यंत्र बाजूला ठेवून डोळ्याकडे येऊ. आपल्या दोन डोळ्यांत सहा-सव्वासहा सेंटीमीटरचे अंतर असते, त्यामुळे दोघांना दिसणारे चित्र किंचित वेगळे असते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. जवळच्या वस्तूंसाठी ही सोय उत्तम आहे. पण ६० आणि ६५ मीटरवरच्या दोन टोपल्यांमधला हा फरक भरतो सुमारे १७ विकला, म्हणजे एका अंशाच्या ३६०० भागांपैकी १७. तरुण, निरोगी डोळ्यांचाही तिथे कस लागतो. त्यामुळे लांबच्या अंतरासाठी मेंदू दुसऱ्या खुणांवर विसंबतो: टोपली केवढी दिसते, मधल्या गवताचा पोत दूर जाताना कसा दाट होत जातो, शेजारची झाडे केवढी आहेत. यातली जमिनीची खूण सर्वांत मोलाची. १९९८ साली ‘नेचर’मध्ये सिनाई, ऊई आणि ही या संशोधकांनी दाखवले, की मध्ये खड्डा किंवा घळ आली आणि जमिनीचा सलग पट्टा तुटला, की माणसाचा अंतराचा अंदाज बिघडतो आणि पलीकडची वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. म्हणजे ओढ्यापलीकडच्या टोपलीकडे फेकताना गरजेपेक्षा जास्त जोर लावला जाणार. अशा जागी यंत्र जरूर काढावे.

वयाने डोळ्यांच्या या अडचणीत आणखी भर पडते. बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होते, आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. ओक किंवा देवदारांच्या सावलीत उभी असलेली करडी टोपली म्हणूनच पुसट दिसते. यंत्रातले आकडेही काळ्या रंगात उमटत असतील, तर त्याच सावलीत ते वाचवत नाहीत. लाल प्रकाशात उमटणारे आकडे या वयाला बरे. पण ज्येष्ठांचा अंदाज सरसकट वाईट असतो, असे मात्र समजू नये. २०१३ मध्ये बियान आणि अँडरसन यांनी ४ ते १२ मीटरच्या टप्प्यात तरुण आणि ज्येष्ठ अशा दोघांची चाचणी घेतली. त्यात तरुणांनी अंतर कमी लेखले, ज्येष्ठांचे अंदाज खऱ्याच्या जास्त जवळ होते. हा टप्पा डिस्क गोल्फमधल्या शेवटच्या, टोपलीत टाकायच्या फेकीचा. तिथे यंत्र खिशातच राहू द्यावे.

प्रश्न उरतो २५ ते ७० मीटरच्या पट्ट्याचा. इथे थोडे गणित करावेच लागते, कारण यंत्राची खरी किंमत त्यातच कळते. समजा, एका खेळाडूची चकती ठरवलेल्या अंतरापेक्षा सहसा ८ मीटर इकडे किंवा तिकडे पडते. ही हाताची चूक. त्याच्या नजरेचा अंदाजही सहसा ७ मीटरने चुकतो. या दोन चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत, त्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. उत्तर येते सुमारे १०.६ मीटर. यंत्राने नजरेची चूक पुसून टाकली, की उरतात ८ मीटर. फायदा अडीच मीटरहून जास्त, म्हणजे पुढची फेक सोपी व्हायला पुरेसा. आता नवखा खेळाडू घ्या. त्याच्या हाताची चूकच १५ मीटरची. नजरेची चूक मिळवून होतात १६.६, यंत्र घेतल्यावर १५. हातात महागडे यंत्र असूनही फरक दीड मीटरचा. ज्याचा हात बसलेला आहे, त्यालाच अचूक आकडा कामी येतो. वर्षानुवर्षे खेळणाऱ्या ज्येष्ठाची फेक लहान झाली तरी एकसारखी पडते, म्हणून यंत्राचा फायदा त्याला धडधाकट पण नवख्या नातवापेक्षा जास्त होतो.

अर्थात, टोपली आवाक्यात असेल तरच. वय वाढते तसे झटक्याने आकसणारे स्नायूतंतू आधी बारीक होतात. जड वस्तू उचलण्याची ताकद टिकली तरी झटका कमी होतो, आणि चकतीला वेग झटक्यातूनच मिळतो. ज्याची पूर्ण जोराची फेक ६५ मीटर जाते, त्याला टोपली ९० मीटरवर आहे की ९६, हे कळून काय उपयोग? दोन्ही वेळा फेक तीच. शिवाय सुरुवातीच्या चौथऱ्याजवळच्या पाटीवर अंतर बहुधा लिहिलेलेच असते. यंत्राचे काम दुसऱ्या फेकीला सुरू होते, जेव्हा २५-३० मीटर उरतात आणि जोर आवरायचा असतो. त्या फेकीला नेमके अंतर ठाऊक असले, तर ‘कमी पडेल की काय’ या धास्तीने मारलेला जास्तीचा हिसका टळतो. दुखऱ्या खांद्याच्या आणि कोपराच्या माणसाला ही बचत गुणसंख्येतल्या एका फेकीपेक्षा मोलाची आहे.

पण या सगळ्यासाठी एक आकडा आधी हवा, आणि तो टोपलीवर यंत्र रोखून मिळत नाही: आपली चकती जाते किती? विचारले तर जवळजवळ प्रत्येक जण आपली सर्वांत लांब गेलेली फेक सांगतो, कारण तीच लक्षात राहते. कामाचा आकडा असतो मधला. तो काढण्यासाठी रिकाम्या मैदानात दिव्याच्या खांबाशेजारी उभे राहावे, एकाच प्रकारच्या आठ-दहा चकत्या फेकाव्यात, मग प्रत्येक चकतीपाशी जाऊन यंत्र उलटे त्या खांबावर रोखावे आणि आकडे क्रमाने मांडून मधला टिपून ठेवावा. हेच निम्म्या जोराच्या फेकीसाठी आणि प्रत्येक चकतीसाठी करावे. एका सकाळचे काम आहे. लेझर यंत्राचा ज्येष्ठांना होणारा सर्वांत मोठा उपयोग हाच, असे मला ठामपणे वाटते. आणि याच कारणासाठी चौघांनी मिळून एक यंत्र घेतले तरी पुरते.

मैदानावर वापरताना आधी अंदाज सांगावा, मग बटण दाबावे. हालचाली कशा शिकल्या जातात यावर सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये केलेल्या आढाव्यात एक गोष्ट पुढे आली: प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून अचूक माहिती मिळत राहिली, तर त्या वेळची कामगिरी सुधारते, पण माणूस त्या माहितीवर रेलतो आणि ती काढून घेतली की ढेपाळतो. अधूनमधून मिळालेली माहिती जास्त मुरते. अंदाजपंचे दाहोदरसे खेळणे वाईट, पण दर फेकीला यंत्र डोळ्याला लावल्याने नजर तयार होत नाही.

चढउताराच्या बाबतीत यंत्रावर फार भिस्त ठेवू नये. टोपली १० मीटर खाली असेल आणि तिरपे अंतर ६० मीटर भरत असेल, तर आडवे अंतर होते ५९.२ मीटर. एक मीटरही फरक नाही. पण चकती चेंडूसारखी पडत नाही, हवेवर तरंगते, आणि खाली जागा मिळाली की कितीतरी पुढे निघून जाते. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डेलाव्हियागा मैदानात २७व्या टोपलीसाठी ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवरून करायच्या फेकीला लोक लांबून येतात ते यासाठीच. गोल्फच्या यंत्रातली ‘स्लोप’ची, म्हणजे चढउतार धरून अंतर बदलून दाखवण्याची सोय चेंडूच्या उड्डाणावर बेतलेली असते, ती इथे बंदच ठेवावी. समोरून वारा असला तर चकती आणखी वेगळी वागते, आणि वाऱ्याबद्दल लेझरला काहीच कळत नाही.

फोनमधल्या ‘यूडिस्क’सारख्या ॲपचे काय? मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची चूक साधारण पाच मीटर असते, झाडीत ती वाढते. जवळच्या फेकीसाठी ती चालत नाही. पण टोपली वळणामागे दडली असेल, तर लेझर आंधळा असतो आणि ॲपचा नकाशाच वाट दाखवतो. पैसे खर्च करण्याआधी महिनाभर ॲपवर खेळून पाहावे, हे बरे. प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांनी मात्र फोनच्या किंवा आकड्याच्या नादात पायाखाली पाहायला विसरू नये. या चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो आणि त्यातून जमीन धूसर दिसते. सिडनीत केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बहुकेंद्री चष्म्यांमुळे ज्येष्ठांच्या पडण्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली होती. मुळांनी भरलेल्या वाटेवर चालायला साधा, फक्त लांबचे दाखवणारा चष्मा चांगला.

एक मोजमाप असे आहे की तिथे यंत्राऐवजी फीतच हवी. टोपलीपासून १० मीटरच्या आत फेकताना, चकती सुटल्यावर तोल सावरलेला दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. त्याबाहेर फेकीबरोबर पुढे झेपावलेले चालते, आणि मनगटात जोर उरलेला नसलेल्या खेळाडूला त्या झेपेचा मोठा आधार असतो. त्यामुळे साडेनऊ मीटर की साडेदहा, हे ठरणे त्याच्यासाठी महत्त्वाचे, आणि मीटरभर चुकणारा लेझर नेमका तिथेच उपयोगी पडत नाही. कित्येक मैदानांवर ही रेषा रंगाने आखलेली असते. नसेल तर टोपलीच्या बुंध्यापासून फीत धरावी, किंवा आपले एक पाऊल किती सेंटीमीटरचे ते घरी मोजून ठेवून पावलांनी मोजावे.