टाचदुखी आणि मापाचे इनसोल

सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते आणि कुणीतरी सांगतं, "हाड वाढलंय. पायाचं माप देऊन इनसोल (चपला-बुटात तळव्याखाली घालायची गादी) बनवून घ्या, त्याशिवाय बरं वाटणार नाही." हे खरं नाही. एक्स-रेत दिसणारं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांतही सापडतं. दुखतो तो बहुधा तळव्यातला जाड पट्टा, प्लांटर फॅशिया.

अशाच रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेली एक चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. मापाचे, तयार आणि फारसा आधार न देणारे, नावापुरतेच मऊ इनसोल त्यात पडताळले होते. ३ महिन्यांनी पहिल्या दोन्ही प्रकारांनी हालचाल थोडी सुधारली. वर्षभराने तिन्ही गट जवळपास सारखेच. म्हणून हजारो रुपये मोजण्याआधी दुकानातलं तयार इनसोल वापरून बघा. घरातल्या फरशीवरही मऊ चप्पल घाला. पायाची बोटं हाताने वर ओढून तळवा ताणा, पोटऱ्याही ताणा. आठवडे, कधी महिने लागतात, पण बहुतेकांना उतार पडतो.

मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर मात्र काटकसर नको: तिथे मापाची पादत्राणं जखमांपासून वाचवतात. टाच सुजली किंवा रात्री झोपेतही ठणकली, तर आधी डॉक्टरांना दाखवा.