जड झालेले स्टेअरिंग आणि मिठाची बरणी

नवी मुंबईतल्या ऐरोलीत आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका गृहस्थांची पिकअप रोज पहाटे दिवाळे या खाडीकाठच्या गावाहून मासळीची खोकी घेऊन ठाण्याच्या बाजारात जाते. गेल्या जुलैमध्ये या गाडीच्या स्टेअरिंगला एक विचित्र खोड लागली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ते अगदी हलके चाले. परंतु बाजाराच्या बोळात गाडी मागे घेऊन वळवायची वेळ आली, की समोर पिवळा दिवा लागे आणि चाक इतके जड होई, की दोन्ही हातांनी ओढावे लागे. गाडी बंद करून पुन्हा चालू केली, की सारे पूर्ववत होत असे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला गेला, ‘साहेब, ईसीयू गेला, पूर्ण कॉलम बदलावा लागेल,’ असे सांगण्यात आले (ईसीयू म्हणजे स्टेअरिंगच्या मोटरचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, आणि कॉलम म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा संपूर्ण संच) आणि ३८ हजार रुपयांचा अंदाज हातात पडला. त्याच आठवड्यात इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘इलेक्ट्रिक स्टेअरिंग धावत्या गाडीत लॉक होते’ असा संदेश फिरू लागला. निदान आणि संदेश, दोन्ही चुकीचे होते.

आधी संदेशाचे पाहू. नेहमीच्या पिकअपमध्ये हातातले चाक आणि पुढची चाके यांच्यात लोखंडी दांडा, दातेरी चक्र आणि दातेरी पट्टी अशी सलग यांत्रिक जोडणी असते, आणि विजेची मोटर त्या जोडणीला केवळ हातभार लावते. मोटर थांबली तरी गाडी वळते. फक्त तिला वळवण्याचे सगळे कष्ट चालकाच्या खांद्यांवर येतात. १९५१ मध्ये क्रायस्लरने तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग बाजारात आणले, त्यापूर्वीचे चालक हेच कष्ट रोज करत होते. विजेवर चालणारा प्रकार १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या मोटारीत आला. त्यात तेल नसते, पंप नसतो आणि पंपाचा पट्टाही नसतो. म्हणून ‘स्टेअरिंग ऑइल टॉप-अप’चे पैसे कोणी मागितले, तर ते नेमके कोठे ओतणार आहेत हे अवश्य विचारावे.

मोटरला हातभार कधी लावायचा हे कळते ते एका पिळावरून. स्टेअरिंगच्या दांड्यात मध्येच पोलादाची एक बारीक सळई बसवलेली असते. चाक फिरवताना तिचे वरचे टोक हातासोबत जाते, खालचे टोक टायरच्या विरोधामुळे मागे रेंगाळते, आणि सळईला काही अंशांचा पीळ बसतो. चुंबकांच्या साहाय्याने हा पीळ मोजला जातो आणि त्या प्रमाणात, तसेच गाडीचा वेग पाहून, नियंत्रक मोटरला वीज देतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण या सळईला लागू पडली तर गाडी आपोआप वळू लागेल. हात सैल पडताच हिचा पीळ गेलाच पाहिजे. म्हणूनच मापनाचे दोन स्वतंत्र संकेत असतात, आणि त्यांचे एकमेकांशी जमले नाही, की नियंत्रक मोटर बंद करतो. चुकीच्या दिशेने ओढणारा मदतनीस असण्यापेक्षा मदतनीस नसलेला बरा, असा हा हिशेब आहे.

मोटरची भूक मात्र समान नसते. सरळ रस्त्यावर ती दोन-तीन अँपियरवर भागवते. उभ्या गाडीत, भरल्या मालाने, ओल्या सिमेंटवर टायर रगडत वळवताना तिला ४०-५० अँपियर किंवा त्याहूनही अधिक लागतात, आणि मोठ्या पिकअपचा आकडा याच्याही पुढे जातो. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१७ मध्ये आपल्या २०१४ सालच्या, आणि २०१८ मध्ये २०१५ सालच्या पिकअप गाड्या परत बोलावल्या. दुसऱ्या खेपेला, काही एसयूव्ही धरून, एकट्या अमेरिकेतली संख्या १० लाखांच्या वर होती. तेथेही कमी वेगाने वळताना स्टेअरिंगची मदत क्षणभर जात असे आणि एकदम परत येत असे, आणि त्यामागे विजेचा दाब (व्होल्टेज) घसरण्याचे कारण होते. तेथील दुरुस्ती सॉफ्टवेअर बदलून झाली. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत घसरण होती ती मात्र एका बोल्टखाली.

शाळेतला ओहमचा नियम येथे पुन्हा उघडावा लागेल. मोटरकडून परतणारी वीज एका जाड काळ्या तारेतून गाडीच्या सांगाड्याला येते. त्या जोडाला वायरमन ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. जोड चांगला असेल, तर त्याचा रोध ०.००१ ओहमच्या आसपास असतो आणि ४० अँपियर गेले तरी तेथे ०.०४ व्होल्टच खर्ची पडतात. आता त्या जोडाचा रोध ०.०५ ओहम झाला असे समजा. हा आकडाही क्षुल्लक वाटतो, आणि ३ अँपियरच्या सरळ रस्त्यावर तो क्षुल्लकच असतो, कारण तेव्हा नुकसान केवळ ०.१५ व्होल्टचे होते. वळताना मात्र गणित बिघडते, आणि ते पहिल्या नजरेला वाटते त्याहून अधिक बिघडते.

समजा, बॅटरी १२.५ व्होल्ट देते आहे आणि वळवण्यासाठी ५०० वॅट हवे आहेत. जोड निर्दोष असता तर ४० अँपियर पुरले असते. आपण ०.०५ ला ४० ने गुणून ‘२ व्होल्ट कमी होतील, १०.५ उरतील’ असे म्हणून मोकळे होतो; पण नियंत्रकाला ५०० वॅट हवेच असतात, आणि दाब कमी झाला की तेवढ्याच शक्तीसाठी तो अधिक धारा (म्हणजे अधिक अँपियर) ओढतो, अधिक धारेमुळे दाब आणखी घसरतो, आणि म्हणून धारा आणखी वाढते. हे चक्र कोठे थांबेल, हे वर्गसमीकरण सोडवून कळते: धारा ५० अँपियर, मोटरच्या दारात उरलेला दाब १० व्होल्ट, आणि जोडात वाया गेलेली शक्ती ५० × ५० × ०.०५ म्हणजे १२५ वॅट. सोल्डरिंगच्या दोन-तीन इस्त्र्यांची उष्णता त्या एका बोल्टखाली! रोध ०.०७८ ओहमच्या पुढे गेला, तर त्या समीकरणाला वास्तव उत्तरच राहत नाही. म्हणजे मोटरने कितीही धारा ओढली, तरी तिला ५०० वॅट मिळणे अशक्य होते. गणितात ज्याला ‘वास्तव मूळ नाही’ म्हणतात, त्याला बाजाराच्या बोळात ‘स्टेअरिंग जड झाले’ म्हणतात. दाब साधारण ९-१० व्होल्टच्या खाली घसरला, की नियंत्रक स्वतःहून माघार घेतो आणि तशी नोंद करून ठेवतो. स्कॅनरवर उमटलेला संदेश ‘पुरवठ्याचा दाब कमी’ हाच होता. उपाशी असल्याची तक्रार करणाऱ्यालाच गॅरेजने निकामी ठरवले.

हा रोध येतो कोठून? धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले, तरी सूक्ष्म पातळीवर ते डोंगरांचे असतात आणि शिखरे शिखरांना जेथे टेकतात, तेवढ्याच मोजक्या ठिपक्यांतून वीज जाते. गाडीच्या कंपनाने हे ठिपके घासले जातात, उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्साइड चढते, त्याचा भुगा तेथेच साचतो आणि वाटा एकेक करून बुजतात. त्यात आमच्याकडे खाडी आहे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे सर्वांनी पाहिलेले असते. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतली वाफ ओढून घेऊन त्यातच विरघळते. सांगाड्यावर बसलेल्या मिठाचेही तेच होते, आणि तांब्याचे थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली कडी), लोखंडी पत्रा व मिठाचे पाणी मिळून शाळेच्या प्रयोगातला विद्युतघटच तयार होतो. त्यात झिजते ते लोखंड, आणि गंज विजेला वाट देत नाही. या गाडीला तर खाडीच्या वाऱ्याची वाट पाहण्याचेही कारण नव्हते. खोक्यांतला वितळलेला बर्फ मासळीचे खारे पाणी घेऊन रोज सांगाड्यावर गळत होता, आणि तो बोल्ट नेमका त्या धारेखाली होता.

मध्यंतरी एका शनिवारी बंपरवरची लिंबू-मिरची बदलण्यात आली आणि पुढचे दोन दिवस दिवा लागला नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्यानंतर गॅरेजने बॅटरीची तार काढून लावली आणि ईसीयू ‘रिसेट’ केला, तेव्हाही दोन दिवस दिवा लागला नाही. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाची हीच गंमत आहे, की त्यावर काहीही केले तरी गुण येतो. दोन उपायांचा परिणाम तंतोतंत सारखा होता. फरक एवढाच, की लिंबू-मिरची दहा रुपयांना पडली.

दोष सापडायला इतका वेळ लागला, कारण तो साध्या तपासणीत दिसत नाही. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, आणि मल्टिमीटरचा भोंगा तर काही ओहमपर्यंतच्या कोणत्याही वाटेला खुशाल वाजतो. ओहम मोजू पाहावे, तर मीटरच्या तारांचाच रोध ०.१-०.२ ओहम भरतो. हत्तीच्या वजनकाट्यावर मिरे तोलण्यासारखा तो प्रकार आहे. म्हणून रोध न मोजता त्याने खाल्लेला दाब मोजायचा असतो, आणि तोही धारा वाहत असताना. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर (तिच्या क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे नियंत्रकाच्या ऋण जोडाशी धरावे, इंजिन चालू ठेवावे, हँडब्रेक ओढून दुसऱ्या माणसाला स्टेअरिंग फिरवायला सांगावे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला, तर ती बाजू ठीक समजावी. आमचा आकडा चाक सरळ असताना ०.१२ होता आणि वळवताना २.३ झाला. कॉलमजवळ हात घालताना पिवळ्या कनेक्टरना मात्र स्पर्श करू नये. ते एअरबॅगचे असतात.

सगळेच बिघाड असे स्वस्त नसतात. पीळ मोजणारा भाग खरोखर निकामी होतो. मोटर आणि दांडा यांच्यातले रबरी कपलिंग झिजून टकटक आवाज येतो. मोटर खाली दातेरी पट्टीवर असेल, तर फाटलेल्या रबरी आवरणातून (‘बूट’मधून) पाणी शिरून आतला भाग गंजतो. असे भाग बदलल्यानंतर सरळ चाकाची शून्य स्थिती नियंत्रकाला नव्याने शिकवावी लागते, नाहीतर गाडी एका बाजूला ओढू लागते. उभ्या गाडीत चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वारंवार फिरवल्याने मोटर तापून मदत कमी होते, तो मात्र बिघाड नव्हे. थंड झाल्यावर ती परत येते. आणि धावत्या गाडीत मदत गेलीच, तर चाकावरची पकड ढिली करू नये, कारण ती अचानक परत येण्याचा क्षण हा जाण्याच्या क्षणापेक्षा अधिक दगा देणारा असतो.

बोल्ट सोडवला तेव्हा थिंबलखाली हिरवी पूड आणि तपकिरी पापुद्रा निघाला. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबल नवे दाबून बसवले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली चोपडली. आधी जेली आणि मग बोल्ट असा क्रम करू नये. शिवाय सांगाड्यावर भरवसा न ठेवता नियंत्रकाच्या ऋण जोडापासून थेट बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत एक जाड तार वेगळी ओढली, आणि अर्थचा जोड गळत्या पाण्यापासून हातभर वर नेला. वळवतानाचा आकडा ०.०७ व्होल्टवर आला. धन बाजूला अजून ०.३ व्होल्ट खर्च होत आहेत, ते बहुधा फ्यूजच्या पेटीत. ती पेटी पाऊस उघडल्यावर एका कोरड्या रविवारी खोलायची आहे.