पुस्तकावरचं ते '७+' आलं कुठून?

मुलांसाठी पुस्तक घेताना आपण आधी मागचं कव्हर बघतो, ५+ आहे की ७+, आणि आकडा जुळला की निम्मं काम झालं असं वाटतं. पण त्या एका आकड्यात दोन प्रश्न कोंबलेले आहेत, मुलाला हे वाचता येईल का आणि मुलाने हे वाचावं का. हे दोन्ही अगदी वेगवेगळ्या वाटेने आलेत.

दुसरा प्रश्न जास्त जुना. लंडनमधे जॉन न्यूबेरीने १७४४ मधे मुलांसाठी छोटंसं पुस्तक काढलं, तिथून बालपुस्तकांचा बाजार उभा राहिला असं साधारण मानतात. फ्रेंच विचारवंत रूसोचं मत बरोब्बर उलटं, त्याने १७६२ मधे लिहून ठेवलं की लहानपणी पुस्तकंच नकोत, आणि पहिलं द्याल ते रॉबिन्सन क्रूसो द्या. पण पुस्तकं तर धडाधड निघत होती, मग चांगलं कुठलं हे पालकांना सांगणार कोण? सारा ट्रिमर नावाच्या बाईंनी ते काम अंगावर घेतलं, स्वतःला बारा मुलं, आणि १८०२ ते १८०६ या काळात त्यांनी बालपुस्तकांची परीक्षणं छापणारं नियतकालिक चालवलं. परीकथांवर त्यांचा राग होता, सिंड्रेलासुद्धा सुटली नाही, कारण काय तर मत्सर आणि सावत्र आईबद्दलचा तिटकारा मुलांच्या मनात भरतो. आज हे वाचून हसू येईल कदाचित, पण काळजी खरी होती आणि आपलीही त्याच प्रकारची आहे.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते परीकथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंचं. त्यांच्या कथांचा पहिला खंड १८१२ चा, अभ्यासकांच्या टिपांसकट, आणि हे मुलांना कसं द्यायचं म्हणून लगेच ओरड झाली. त्यात रापुन्झेल म्हातारीला निरागसपणे विचारते की माझे कपडे घट्ट का व्हायला लागलेत, म्हणजे ती गरोदर आहे हे मोठ्यांना कळतं. नंतरच्या आवृत्त्यांत तिचा प्रश्नच बदलला, राजपुत्रापेक्षा तुला वर ओढायला जड का जातं असा झाला. पण त्याच शेवटच्या आवृत्तीत, १८५७ मधे, स्नो व्हाइटची सावत्र आई तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचते, ते तसंच राहिलं! गरोदरपण नको, छळ चालेल. आज बहुतेक घरांत हा हिशोब उलटा लागेल. 'योग्य' काय ते त्या त्या काळातली मोठी माणसं कशाला घाबरतात त्यावर ठरत आलंय, मुलाच्या वयावर कमीच.

पहिला प्रश्न, म्हणजे वाचता येईल का हा, विसाव्या शतकातला, शाळांमुळे आलेला. अमेरिकेत १९२० च्या दशकात पाठ्यपुस्तकातले अवघड शब्द मोजायला लागले, १९४८ मधे मजकूर वाचायला किती सोपा ते आकड्यात सांगणारा फ्लेशचा फॉर्म्युला आला, पुढे लेक्साइल वगैरे तशीच मापं. हे सगळे मुख्यतः वाक्याची लांबी आणि शब्द किती अवघड तेवढंच मोजतात, गोष्टीत काय घडतं ते नाही, म्हणून तर स्टाइनबेकची मोठ्यांसाठीची कादंबरी 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' लेक्साइलच्या मापात दुसरी-तिसरीच्या पातळीला येते. ती कोणी आठ वर्षांच्या मुलाला देईल का?

ब्रिटनमधे प्रकाशकांनी २००८ मधे कव्हरवर सरसकट वय छापायचं ठरवलं तेव्हा मुलांसाठी लिहिणारे फिलिप पुलमन यांच्यासकट बरेच लेखक भडकले. मला त्यांचं पटतं, कारण हळू वाचणारं दहा वर्षांचं पोर ७+ लिहिलेलं पुस्तक मित्रांसमोर हातात धरायला लाजतं आणि मग वाचतच नाही. आणि घाबरणं वयावर नसतंच, एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाला राक्षस आवडतो, दुसऱ्याला कुत्रा मेलेला सहन होत नाही, ते आई-बाबांनाच माहीत असतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९७२ पासून हीच बाजू धरलीये, बंधन घालायचंच तर ते पालकांनी घालावं, तेही फक्त स्वतःच्या मुलांपुरतं.